प्रयोगशाळेतून मॅनेजमेंटकडे: पदवी शेवटाकडून मागे येत निवडा

दर महिन्याला दोन-तीन फोन येतात. कधी एनसीएल म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, कधी आयसर या विज्ञान संस्थेतून, कधी रात्री साडेदहाला बोस्टनहून. "मॅडम, रिसर्च सोडून मॅनेजमेंटला जायचंय. कोणतं एमबीए करू?" मी विचारते, "कुठल्या खुर्चीत बसायचंय?" पलीकडे शांतता. मग हळूच, "म्हणजे... मॅनेजमेंटच."

मीही एकदा असंच उत्तर दिलं होतं आणि त्यापायी ऐंशी हजार रुपये व दीड वर्ष घालवलं. तेच सगळं एकदा लिहून ठेवते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

२०१४ चा जुलै. पाषाणला एनसीएलमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी., मग जर्मनीत दोन वर्षं पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन), आणि तिथून परत आल्यावर पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंट, असा माझा सरळ रस्ता चालला होता. एका इंटरमीडिएटच्या (औषध बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या पदार्थाच्या) एकाच पायरीवर आमच्या टीमने सात महिने घासले होते. सॉल्व्हंट बदलला, तापमान खाली आणलं आणि यील्ड, म्हणजे मिळू शकणाऱ्या मालापैकी प्रत्यक्ष हाती येणारा वाटा, ६२ टक्क्यांवरून ८१ वर नेलं. स्लाइडवर ते ८१ मी लाल रंगात टाकलं होतं.

फायनान्सचे एक गृहस्थ होते, मीटिंगला स्वतःचा कॅल्क्युलेटर घेऊन येणारे. त्यांनी विचारलं, "मॅडम, बॅच किती तासांची झाली?" मी म्हटलं, "आधी २६ तास लागायचे, आता ४१." त्यांनी बटणं दाबली. "महिन्याचे तास ७२०. आधी २७ बॅच बसायच्या, आता १७. शंभर किलोची बॅच धरली तर आधी महिन्याला १,६७४ किलो माल निघायचा, आता १,३७७. म्हणजे माल कमी झाला ना?"

मी बघतच राहिले. केमिस्ट्री बरोबर होती, आणि तरी मी चूक होते. खरं तर तेही अर्धेच बरोबर होते, पण हे मला कळायला आणखी दोन वर्षं गेली. तो रिअ‍ॅक्टर दिवसरात्र भरलेला असेल तर त्यांचं म्हणणं खरं. पण रिअ‍ॅक्टर निम्मा वेळ रिकामा पडून असेल आणि कच्चा माल महाग असेल, तर माझी प्रोसेस सरस, कारण किलोमागे कच्चा माल तेवीस-चोवीस टक्के कमी लागत होता. एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलता आलं असतं, तर मीटिंग माझी होती. ते बोलायला मला लागत होतं कॉस्ट अकाउंटिंगचं एक प्रकरण. मी मात्र घरी येऊन ठरवलं की आपण एमबीए करायचं.

पंधरा दिवसांत एका संस्थेच्या दूरशिक्षण पदविकेला पैसे भरले. विषय काय, तर इंटरनॅशनल बिझनेस, का तर नाव भारदस्त वाटलं. कुरिअरने पुस्तकांचा खोका आला, तो कपाटावर गेला. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी विचारलं, "हे द्यायचंय का रद्दीत?" तेव्हा कुठे मला स्वतःची लाज वाटली.

आधी रेणू, मग बाटली

आम्हा केमिस्ट लोकांना एक गोष्ट पहिल्या वर्षापासून घोटून शिकवतात, रेट्रोसिंथेसिस. ई. जे. कोरी यांना १९९० चं नोबेल त्यासाठीच मिळालं. हवा असलेला रेणू फळ्यावर काढायचा आणि एकेक बंध तोडत मागे जायचं, बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या पदार्थापर्यंत. कपाटात कोणती बाटली आहे ते बघून कुणी रेणू ठरवत नाही. पण पदवी निवडताना पीएच.डी. झालेली शहाणी माणसं रँकिंगची यादी उघडून बसतात, म्हणजे बाटलीपासूनच सुरुवात करतात.

मी काय करायला सांगते ते आता क्रमाने.

पहिल्या आठवड्यात, पाच वर्षांनी ज्या जागेवर बसलेलं आवडेल अशा नोकऱ्यांच्या दहा जाहिराती शोधा. हेडिंग वाचू नका, 'जबाबदाऱ्या' आणि 'पात्रता' एवढंच वाचा. दहापैकी सहांत येणारे शब्द वहीत उतरवा. माझ्या दहा जाहिरातींत सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द होते बजेट, पोर्टफोलिओ, क्रॉस-फंक्शनल टीम आणि टाइमलाइन. एमबीए फक्त तीन ठिकाणी होतं, आणि त्यातही 'असल्यास प्राधान्य'.

दुसऱ्या आठवड्यात त्या खुर्चीत सध्या बसलेल्या तीन माणसांना भेटा. 'तुमचं काम काय असतं' असं विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येक जण ब्रोशरच्या भाषेत देतो. विचारा, "परवाच्या मंगळवारी सकाळी नऊपासून काय काय केलंत?" बिझनेस डेव्हलपमेंटमधल्या एकाने मला सांगितलं की त्याचे सहा तास एका लायसन्सिंग कराराच्या कलम १४ वर वकिलाशी भांडण्यात गेले. ऐकूनच मी तो विचार सोडला. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीचे डोळे मात्र चमकले. आज ती तेच करते, आणि मजेत आहे.

या दोन आठवड्यांना एक पैसाही लागत नाही. तरी दहा फोनमागे आठ जण हे करत नाहीत, कारण त्यांना ब्रोशर वाचायचं असतं.

मॅनेजमेंट नावाच्या इमारतीचे मजले

प्रयोगशाळेच्या खिडकीतून मॅनेजमेंट ही एकच चकचकीत इमारत दिसते. आत गेल्यावर कळतं की प्रत्येक मजल्याची किल्ली वेगळी आहे.

आपल्याच कंपनीत आर अँड डीचे (संशोधन आणि विकासाचे) प्रोजेक्ट सांभाळायचे असतील, कुठला चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा, कुणाला माणसं द्यायची, तर तुमचं विज्ञान हीच तुमची खरी किंमत असते. तिथे लागतो खर्चाचा हिशेब, थोडी सांख्यिकी (ती तुमच्याकडे असतेच) आणि माणसांशी बोलण्याचं धैर्य. नोकरी सोडून दोन वर्षं जाण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवारचा एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम पुरतो. मी तोच केला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळे तिथेच अर्ज करतात.

कन्सल्टिंगचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देण्याच्या धंद्याचं, गणित उलटं आहे. या कंपन्या भारतात मुख्यतः कॅम्पसवर येऊन माणसं उचलतात, त्यामुळे तिथे जायचं तर कॅम्पस लागतो, पूर्ण वेळचा, आणि मोठ्या नावाचा. पण अमेरिकेत किंवा युरोपात पोस्टडॉक करत असाल तर एमबीएच्या अर्जाआधी एक गोष्ट तपासा. मॅकिन्झी, बीसीजीसारख्या कंपन्या तिकडे पीएच.डी.धारकांना थेट घेतात आणि त्यांच्यासाठी वेगळी भरती असते. फीचे लाखो वाचतात. बोस्टनच्या फोनला मी आधी हेच सांगते.

पेटंट, टेक्नॉलॉजी ट्रान्सफर, लायसन्सिंग यांत रस असेल तर भारतीय पेटंट एजंटची परीक्षा बघा. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातली कोणतीही पदवी चालते. दोन पेपर आणि तोंडी. पास व्हायला प्रत्येक पेपरात पन्नास टक्के, एकूण साठ टक्के. पुस्तकं आणि फी धरून जो खर्च येतो, तो एका एमबीएच्या प्रवेश अर्जांइतकासुद्धा नाही. एनसीएलमधला माझा एक ज्युनियर हीच परीक्षा पास झाला. त्याला एमबीएची गरज पडली नाही, आणि पडेलसं वाटतही नाही.

स्वतःची कंपनी काढायची असेल तर एमबीएच्या फीच्या रकमेकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट ५० लाखांपर्यंत मिळतं, अठरा महिन्यांसाठी. एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा लोकांना प्रयोगाची जागा, उपकरणं आणि सल्ला देत आलंय. ज्या वर्षात तुम्ही केस स्टडीत दुसऱ्याची कंपनी बुडताना वाचाल, त्या वर्षात स्वतःची काढून बघता येते. हे माझं मत आहे, माझ्या वर्गातल्या एका उद्योजकाला ते मुळीच पटत नाही. त्याच्या मते एमबीएतून त्याला मिळालेला सहसंस्थापक लाख मोलाचा.

आणि अख्खा धंदा चालवायचा असेल, नफातोट्याची जबाबदारी घ्यायची असेल, तर मात्र पूर्ण वेळचं चांगलं एमबीए आपली किंमत वसूल करतं. तिथे विज्ञान मागे पडतं. ते पचेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

एक मजला मात्र वर्ज्य. प्रयोग फसतायत, गाईडशी पटत नाही, पेपर परत आलाय, म्हणून मॅनेजमेंटला जाऊ नका. तिकडेही प्रयोग फसतात, फक्त तिथे त्यांना तिमाही म्हणतात.

हाताला चटका लागतो का ते आधी बघा

मोठी बॅच घेण्याआधी आपण पाच ग्रॅमवर करून बघतो. तसंच इथेही करा. स्वयं या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर मॅनेजमेंटच्या विषयांचं समन्वयन आयआयएम बंगळुरूकडे आहे. अभ्यासक्रम फुकट आहेत. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्सही फुकट, परीक्षा द्यायची असेल तर एका विषयाचे हजार रुपये. फायनान्शियल अकाउंटिंगचा एक कोर्स घ्या आणि पूर्ण करा. तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलात, तर त्यातूनही काहीतरी कळलंच.

त्यासोबत शेअर बाजारात नोंद असलेल्या एका औषध किंवा रसायन कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि त्यात आर अँड डीचा खर्च कुठे लपलाय ते शोधा. इथे आपल्यासारख्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट सापडते. हिशेबाच्या नियमात, इंड एएस ३८ मध्ये, 'रिसर्च' आणि 'डेव्हलपमेंट' हे दोन वेगळे प्राणी आहेत. रिसर्चवरचा पैसा त्याच वर्षी खर्च म्हणून जातो, नफ्यातून वजा. डेव्हलपमेंटवरचा पैसा, काही अटी पूर्ण झाल्या तर, मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो. आम्ही लॅबमध्ये वर्षानुवर्षं 'आर अँड डी' हा एकच शब्द समजून बोलत होतो, आणि वरच्या मजल्यावर त्यातल्या 'आर' आणि 'डी' यांच्यामध्ये एक भिंत होती! हे वाचून तुम्हाला पुढचं वाचावंसं वाटलं, तर तुम्ही या वाटेचे. जांभई आली, तर पेटंटवाला परिच्छेद पुन्हा वाचा.

आता बाटल्या

दोन वर्षांचं पूर्ण वेळचं एमबीए, कॅट ही आयआयएमची प्रवेश परीक्षा देऊन. पीएच.डी. नुकतीच झाली असेल, सत्तावीस-अठ्ठावीस वय असेल, तर चालेल. वर्गात बहुतेक मुलं बावीस-चोविशीची असतील हे धरून चला. ती हुशार असतात, आणि रात्री दोनपर्यंत जागून प्रेझेंटेशन करतात. मला छत्तिशीत ते झेपलं नसतं.

एक वर्षाचं पूर्ण वेळचं एमबीए, म्हणजे आयआयएम अहमदाबादचं पीजीपीएक्स, बंगळुरूचं ईपीजीपी, किंवा हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचं पीजीपी. बाहेर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची एमबीएही एका वर्षाची आहेत, इन्सियाडचं दहा महिन्यांचं. अनुभवी माणसांसाठीचे आयआयएमचे हे अभ्यासक्रम चार-पाच वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. इथेच संशोधकाची पहिली ठेच लागते, ती म्हणजे पीएच.डी.ची वर्षं अनुभवात धरतात का? नियम संस्थेगणिक बदलतो. फेलोशिपवरची वर्षं एकीकडे चालतात, दुसरीकडे शून्य धरतात. प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून पगारपत्रक असेल तर उत्तर आणखी वेगळं. प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या "हो हो, चालतं"वर विसंबू नका. माझ्या ओळखीतला एक जण त्या "चालतं"वर जीमॅट ही आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन बसला आणि अर्ज छाननीतच गळला.

शनिवार-रविवारचे किंवा संध्याकाळचे अभ्यासक्रम आयआयएममध्ये आहेत, आयआयटी मुंबईच्या शैलेश मेहता स्कूलमध्ये आहेत, मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाजमध्ये नोकरी सांभाळून करायचे तीन वर्षांचे पार्टटाइम मास्टर्स आहेत. नोकरी टिकते, आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर शनिवारी शिकलेलं वापरता येतं. तोटा एवढाच की कॅम्पस प्लेसमेंट नाही, किंवा नावापुरतं असतं. उडी मारायची असेल तर या अभ्यासक्रमातून मिळेल ती शिडी, आणि ती तुम्हालाच चढायची.

विज्ञानाशी बांधलेल्या पदव्या पुष्कळांना माहीतच नसतात. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या संस्थेत एमबीए फार्म आहे. केंब्रिजमध्ये बायोसायन्स एंटरप्राइझमध्ये एका वर्षाचं एम.फिल. आहे. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमध्ये तर पीएच.डी. झालेल्यांसाठीच बायोसायन्स मॅनेजमेंटची वेगळी मास्टर्स आहे. बायोटेक किंवा औषधातच राहायचं पक्कं असेल तर यांचा विचार करा. पक्कं नसेल तर करू नका, कारण उद्या बँकेत किंवा गाड्यांच्या कंपनीत जायचं म्हटलं तर ही पदवी समजावून सांगण्यातच अर्धी मुलाखत जाते.

पदवी आणि पदविका यातला फरकही एकदा नीट समजून घ्या. २०१७ चा आयआयएम कायदा येईपर्यंत आयआयएमसुद्धा पदव्युत्तर पदविकाच देत होत्या, एमबीए ही पदवी त्यानंतरची. आयएसबी आजही स्वतःचं प्रमाणपत्र देते. खाजगी कंपनीला याचं काही पडलेलं नसतं. पण सरकारी प्रयोगशाळेत राहून वर जायचं असेल, किंवा पुढे कधी विद्यापीठात शिकवायचं असेल, तर यूजीसीची मान्यता असलेली पदवीच बघा. सरकारी शास्त्रज्ञांसाठी अजून एक सांगायचंय. अभ्यासरजा पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते, साधारणपणे अख्ख्या नोकरीत मिळून चोवीस महिने, आणि परत येऊन काही वर्षं नोकरी करण्याचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो. शिवाय अभ्यासक्रमाचा तुमच्या कामाशी संबंध दाखवावा लागतो. 'एमबीए करायचंय' एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो. 'प्रयोगशाळेच्या औद्योगिक प्रकल्पांचं खर्चनियोजन' असं लिहिलेला पुढे सरकतो.

परीक्षेबद्दल थोडंच

कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटी. तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं, आणि गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते. जीमॅट कधीही देता येते, गुण पाच वर्षं टिकतात. २०२३ च्या अखेरीस तिचं नवं रूप आलं, सव्वादोन तास, ६४ प्रश्न, निबंध गेला, भूमितीही गेली. नोकरी करणाऱ्याला जीमॅट सोयीची, हे उघड आहे.

संशोधकाची खोड अशी की प्रत्येक गणित शेवटपर्यंत सिद्ध करायचं. दोन मिनिटांत उत्तर 'साधारण ४० च्या आसपास' असं दिसलं आणि पर्यायांत ४० एकच असेल, तर पुढे चला. मला हे जमायला पंधरा सराव परीक्षा लागल्या.

पैसा

हा हिशेब लोक चुकीचा करतात. फी म्हणजे खर्च, असं समजतात. सोडलेला पगार हाही खर्चच असतो. रिसर्च असोसिएटचं (पीएच.डी.नंतर प्रकल्पावर काम करणाऱ्या संशोधकाचं) मानधन २०२३ पासून महिना ५८ हजारांपासून सुरू होतं. म्हणजे त्याने वर्षभर पूर्ण वेळ शिकायचं तर सात लाख सोडले. कंपनीत पंधरा वर्षं काढलेल्याने सोडले तर वीस-पंचवीस लाखही सहज जातात. म्हणूनच एक वर्षाचं महागडं एमबीए तरुण संशोधकाला परवडतं आणि चाळिशीतल्या मॅनेजरला महाग पडतं, फी एकच असली तरी.

समजा फी तीस लाख, सोडलेला पगार चौदा लाख. चव्वेचाळीस झाले. पदवीनंतर हातात येणारा पगार वर्षाला आठ लाखांनी वाढला तर व्याज न धरता साडेपाच वर्षं फेडण्यात. दुसरीकडे शनिवार-रविवारचा कोर्स, फी बारा लाख, पगार चालू, आणि वाढ धरा वर्षाला तीनच लाख. चार वर्षांत फिटला. आकडे तुमचे घाला, पण कागदावर घाला. आणि 'आठ लाखांनी वाढेल' हे कुणी सांगितलं? ब्रोशरमधला सरासरी पगार पाहिला असेल तर मध्यगा, म्हणजे पगारांच्या रांगेतला बरोबर मधला आकडा, विचारा. संशोधकाला सरासरी आणि मध्यगेतला फरक मी काय सांगायचा! त्यातही विचारा की तुमच्यासारखे, म्हणजे लॅबमधून आलेले, मागच्या दोन बॅचमध्ये किती होते आणि ते आज कुठे आहेत. नावं देत नसतील तर लिंक्डइनवर शोधा, दोन तासांचं काम आहे.

शैक्षणिक कर्ज घेतलंत तर व्याजावर आठ वर्षं करवजावट मिळते, पण जुन्या कररचनेतच. नव्या रचनेत असाल तर ती धरू नका. आणि कंपनीकडे निम्मी फी मागायला लाजू नका. मी मागितली. उत्तर आलं, देऊ, पण कोर्सनंतर दोन वर्षं सोडून जायचं नाही. मी तशीही जाणार नव्हते.

अर्ज

माझ्या पहिल्या निबंधात मी थीसिसचं शीर्षकच सव्वा ओळीचं लिहिलं होतं. नवऱ्याने वाचून विचारलं, "यात तू कुठे आहेस?" तो मेकॅनिकल इंजिनियर, त्याला 'पॅलेडियम-उत्प्रेरित'च्या पुढे गेलं की झोप येते. त्याचं बरोबर होतं. निवड समितीला तुमची अभिक्रिया नको असते, तुम्ही काय ठरवलंत ते हवं असतं.

मग मी दुसरीच गोष्ट लिहिली. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी आमच्या गटाचा ग्लोव्ह बॉक्स (हवा लागू न देता काम करायची बंद पेटी) बंद पडला, पैसे मंजूर व्हायला चार महिने लागणार होते आणि आठ जणांचं काम अडलं होतं. मी शेजारच्या दोन गटांशी बोलून रात्री दहा ते सकाळी सहा त्यांचा बॉक्स वापरायचं वेळापत्रक लावलं, आणि बदल्यात आमच्या एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) त्यांना दुपारी वेळ दिला. एकाने दोनदा वेळ मोडली, त्याचा स्लॉट काढून घेतला, तो आठवडाभर बोलला नाही. एवढंच. मुलाखतीत वीस मिनिटांपैकी बारा मिनिटं याच गोष्टीवर गेली. तो का बोलला नाही, मग काय केलं, पुन्हा तसंच करशील का. प्रत्येक संशोधकाकडे अशी एक ग्लोव्ह बॉक्सची गोष्ट असते. ती शोधा.

शिफारसपत्र गाईडकडून घ्यायचं असेल तर सावध. आपले गाईड लोक मनाने मोठे, पण पत्रात लिहितात 'मेहनती, प्रामाणिक आणि विनम्र', आणि पुढे प्रकाशनांची यादी. त्यांना एक पानाचं टिपण करून द्या, ग्लोव्ह बॉक्ससकट. दुसरं पत्र मात्र ज्याने तुमच्या कामाचे पैसे मोजलेत त्याच्याकडून घ्या, म्हणजे सध्याचा बॉस, किंवा प्रायोजित प्रकल्पातला कंपनीचा माणूस.

वर्गात

पहिल्याच केसच्या चर्चेत मी हात वर करून विचारलं, "याचा कंट्रोल कुठाय?" ऐंशी जण हसले. केस स्टडीत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काहीच न बदलता केलेला प्रयोग, नसतो, पुनरावृत्ती नसते, अर्धी माहिती नसते, आणि सव्वा तासात निर्णय सांगायचा असतो. तीन वेळा प्रयोग केल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्याला हा छळ आहे. पहिले चार महिने मी गप्पच बसले आणि सहभागाचे गुण घालवले. पाचव्या महिन्यात शेजारी बसणारा चाकणच्या वाहन उद्योगातला एक जण म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बोला हो, चुकलं तर कुणी रिट्रॅक्शन, म्हणजे छापलेला पेपर मागे घ्यायला, मागत नाही." त्यानेच मला चहाच्या टपरीवर, बिलाच्या पाठीमागे, अडथळ्याच्या मशीनचं गणित शिकवलं. जे मशीन सर्वांत भरलेलं, त्याच्या प्रत्येक तासामागे किती कमाई होते ते मोजायचं, बाकी मशीनचं यील्ड नंतर. माझी २०१४ ची मीटिंग त्या बिलावर सुटली.

स्ट्रॅटेजीच्या चौकोनी तक्त्यांपैकी फारसं काही लक्षात नाही. कॉस्टिंग आणि वाटाघाटी हे दोन विषय मी अजून दर आठवड्याला वापरते. आज माझ्याकडे बावीस प्रोजेक्ट आहेत, आणि त्यातले कोणते बंद करायचे हे ठरवणं हेच माझं मुख्य काम. ज्याचा प्रोजेक्ट बंद होतो तो केबिनमध्ये येऊन यील्डचा आलेख दाखवतो. मी त्याला बॅचचे तास विचारते.

आणि घर

याबद्दल ब्रोशरमध्ये काही नसतं. दोन वर्षं शनिवार-रविवार जातात, म्हणजे लग्नं, बारशी, मुलीचे गॅदरिंग, सगळं जातं. अर्ज भरण्याआधी घरच्यांसमोर कॅलेंडर ठेवून बसा, प्रवेश मिळाल्यावर नाही. कराडहून वडिलांचा फोन आला होता, "पीएच.डी. केलीस ती काय वाण्याचा हिशेब शिकायला?" मी म्हटलं, "हो, तोच येत नव्हता." ते हसले, पण महिनाभर आईशीच बोलत होते.

बॉसला आधी सांगा. प्लांटमध्ये शनिवारी ट्रायल बॅच लागते, आणि ती लागतेच. माझ्या जागी शनिवारी कोण उभं राहणार याची दोन नावं मी स्वतः घेऊन गेले, म्हणून हो मिळालं.

लॅपटॉपचा चार्जर, साधा कॅल्क्युलेटर आणि डबा दोन वेळचा न्या. आमच्या कॅम्पसचं कॅन्टीन शनिवारी दुपारी तीनला बंद व्हायचं आणि शेवटचं लेक्चर साडेसातला सुटायचं.